सर्व्हर भाड्याने घ्यायचा की प्लॅटफॉर्म? आधी कामांपुढे नावं लिहा

नवीन ॲप लाइव्ह करायची वेळ आली की टीममध्ये ठरलेला वाद होतो. एक जण म्हणतो ॲमेझॉनच्या ईसीटूवर भाड्याने मशीन (सर्व्हर) घेऊ, सगळं आपल्या हातात राहील, दुसरा म्हणतो कशाला तो व्याप, हेरोकू नाहीतर ॲप इंजिनसारख्या तयार प्लॅटफॉर्मवर टाकू आणि मोकळे होऊ, आणि मग अर्धा-पाऊण तास महिन्याचं भाडं कुठे कमी पडतं यावरच बोलणं चालतं. मी दोन्हीकडे ॲप्स चालवलीयेत, बंद पडल्यावर रात्री-बेरात्री उठून चालूही केलीयेत, आणि माझं आता ठाम मत झालंय की भाडं ही शेवटी बघायची गोष्ट आहे. पहिल्यांदा एक कागद घ्या, ॲप चालतं ठेवायला लागणारं एकेक काम त्यावर लिहा आणि प्रत्येक कामापुढे टीममधल्या माणसाचं नाव लिहा. ज्या कामापुढे खरंखुरं नाव लिहिता येत नाही ते काम विकत घ्यायचं, म्हणजे प्लॅटफॉर्मकडे द्यायचं. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते खाली पायरीपायरीने लिहितोय.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने सप्टेंबर 2011 मध्ये क्लाउडची (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या कंप्युटर सेवांची) एक छोटी व्याख्या काढली, ती आजही वापरली जाते. त्यानुसार इन्फ्रास्ट्रक्चर सर्व्हिस म्हणजे तुम्हाला प्रोसेसर, स्टोरेज, नेटवर्क असा कच्चा माल मिळतो, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कुठली टाकायची, काय इन्स्टॉल करायचं हे तुमचं तुम्ही बघायचं. प्लॅटफॉर्म सर्व्हिसमध्ये तुम्ही फक्त तुमचा कोड आणि थोडं कॉन्फिगरेशन देता, खालचं मशीन, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क याला तुमचा हात लागत नाही. आयटीतली मंडळी इंग्रजी आद्याक्षरांवरून पहिल्याला आयास आणि दुसऱ्याला पास म्हणतात, पण मराठीत पास म्हटलं की भलताच अर्थ निघतो म्हणून मी इथे सरळ मशीन आणि प्लॅटफॉर्म असंच लिहिणार आहे.

मशीनवाल्यांमध्ये ॲमेझॉनचं ईसीटू, गूगलचं कंप्युट इंजिन, ॲझ्युअरच्या व्हर्च्युअल मशीन्स, डिजिटलओशनचे ड्रॉपलेट हे येतात. प्लॅटफॉर्मवाल्यांमध्ये हेरोकू, गूगल ॲप इंजिन, ॲझ्युअर ॲप सर्व्हिस, क्लाउड फाउंड्री वगैरे. बऱ्याच जणांना वाटतं की आधी मशीन आली आणि प्लॅटफॉर्म ही तिची पुढची सुधारलेली आवृत्ती, पण इतिहास तसा सरळ नाहीये. ईसीटूचा बीटा ऑगस्ट 2006 मध्ये आला हे खरं, पण गूगलने एप्रिल 2008 मध्ये सुरुवात केली ती थेट प्लॅटफॉर्मपासून, ॲप इंजिनवर तेव्हा फक्त पायथन चालायचं, आणि गूगलची भाड्याची मशीन्स 2012 मध्ये आली. मायक्रोसॉफ्टचंही तसंच, 2010 मध्ये ॲझ्युअर आलं तेव्हा त्याचा रोख प्लॅटफॉर्मवर होता आणि व्हर्च्युअल मशीन्स सगळ्यांसाठी नीट खुल्या झाल्या 2013 मध्ये. म्हणजे प्लॅटफॉर्म हातात असतानाही लोकांना मशीन लागतच होतं, कारण जुनं सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मच्या साच्यात बसत नाही. दोघांची कामंच वेगळी आहेत, त्यामुळे एक दुसऱ्यापेक्षा प्रगत वगैरे डोक्यातून काढून टाका.

मधल्या गोष्टीही आहेत. ॲमेझॉनचं इलॅस्टिक बीनस्टॉक दिसायला प्लॅटफॉर्म, पण खाली तुमच्याच अकाउंटमधली ईसीटू मशीन्स असतात. अशा वेळी मी एकच गोष्ट तपासतो, आत एसएसएच करून (म्हणजे दुरून लॉगिन करून) सुडो मारता येतं का, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवता येते का? येत असेल तर त्या मशीनची निदान थोडी जबाबदारी तुमच्याकडे आहे असं धरून चाला, आणि अपडेट आपोआप होतायत का ते सेटिंगमध्ये जाऊन डोळ्यांनी बघा.

पायरी 1: कामांची यादी आणि पुढे नावं

कागदावर साधारण ही कामं येतील:

- ऑपरेटिंग सिस्टीमचे सिक्युरिटी पॅच (दुरुस्त्या)
- पायथन, नोड, जावा जे काही वापरता त्याचं व्हर्जन वेळेत वाढवणं
- फायरवॉल, कुठला पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) कोणाला उघडा
- एसएसएल सर्टिफिकेटचं (साइटचं कनेक्शन सुरक्षित ठेवणाऱ्या सर्टिफिकेटचं) रिन्यूअल
- डेटाबेसचा बॅकअप, आणि तो परत चढवून बघणं (हे वेगळं काम आहे, वेगळ्या ओळीत लिहा)
- लॉग साठवणं, जुने उडवणं
- डिस्क आणि मेमरी भरत आली की कोणाला तरी कळणं
- डिप्लॉय (नवीन कोड लाइव्ह टाकणं) आणि बिघडलं तर जुन्या व्हर्जनवर मागे फिरणं
- टीममधून कोणी गेलं की त्याच्या कीज, पासवर्ड बंद करणं
- तुमच्या कोडमधल्या लायब्ररींचे (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचे) अपडेट

वीज, कूलिंग, हार्डवेअर, डेटा सेंटरचं कुलूप ही कामं यादीत नाहीत कारण ती दोन्हीकडे क्लाउड कंपनीच बघते. मशीन घेतलं तर वरची जवळजवळ सगळी यादी तुमची. प्लॅटफॉर्म घेतला तर ऑपरेटिंग सिस्टीमचे पॅच, फायरवॉल, सर्टिफिकेट अशी काही कामं कमी होतात, पण शेवटची ओळ कधीच जात नाही, आणि लोकांची गफलत नेमकी तिथे होते.

दोन जुनी प्रकरणं आठवा म्हणजे लगेच पटेल. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड नावाचा बग जाहीर झाला. ज्यांची स्वतःची मशीन्स होती त्यांना एकेका मशीनवर जाऊन ओपनएसएसएल अपडेट करायचं, सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या, नवीन की बनवून नवीन सर्टिफिकेट घ्यायचं, सगळं स्वतः. प्लॅटफॉर्मवर असलेल्यांचा पॅचचा भाग प्लॅटफॉर्मवाल्यांनी केला, सर्टिफिकेट स्वतःचं लावलं असेल तर बदलायचं काम तेवढं उरलं. आता दुसरं, डिसेंबर 2021 मधलं लॉगफोरशेल. तो बग लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीत होता, आणि ती लायब्ररी ॲप लिहिणाऱ्याने स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये ओढलेली असते, त्यामुळे कितीही महागाचा प्लॅटफॉर्म घेतलेला असला तरी व्हर्जन वाढवून परत डिप्लॉय करणं तुमच्याच गळ्यात. म्हणून कोणी म्हणालं की प्लॅटफॉर्मवर आहोत, सिक्युरिटी ते बघतात, तर त्याला यादीतली शेवटची ओळ दाखवा आणि तिच्यापुढे नाव लिहायला लावा.

नाव लिहिताना प्रामाणिक राहा. "टीम" किंवा "डेव्हऑप्स" हे नाव नव्हे. एका माणसाचं नाव, तो सुट्टीवर असेल तेव्हा दुसऱ्याचं. तीन जणांच्या टीममध्ये दहापैकी सात ओळींपुढे एकच नाव येत असेल तर त्या माणसाला विचारा की तू फीचर कधी लिहिणार आहेस.

पायरी 2: ॲपचे तुकडे पाडा

अख्ख्या ॲपसाठी एकच उत्तर शोधायला जाऊ नका, चुका तिथूनच सुरू होतात. समजा अपॉइंटमेंट बुक करायचं एक साधं ॲप आहे. त्यात वेब सर्व्हर आहे, ईमेल आणि पीडीएफ बनवणारा मागचा वर्कर आहे, पोस्टग्रेस डेटाबेस आहे, लोकांनी अपलोड केलेले फोटो आहेत, आणि रात्री चालणारा एक रिपोर्ट आहे. हे पाच तुकडे आहेत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: हे मशीन आत्ता जळून गेलं आणि दुसरं उभं केलं तर काही हरवेल का?

वेब सर्व्हरचं काही हरवू नये, हरवत असेल तर कोड सुधारा. वर्करचंही तसंच, काम रांगेत असेल तर दुसरा वर्कर उचलेल. डेटाबेस आणि फोटो मात्र हरवतील. ज्याचं काही हरवत नाही ते प्लॅटफॉर्मवर मजेत राहतं, ज्याचं हरवतं त्याला वेगळी जागा लागते.

हे मी एकदा चांगलंच भोगलंय. एका प्रोजेक्टमध्ये आम्ही प्लॅटफॉर्मवर ॲप टाकलं आणि प्रोफाइल फोटो ॲपच्याच फोल्डरमध्ये सेव्ह होत होते, लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चाललं होतं, पहिल्या दिवशी लाइव्हवरही चाललं, दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांचे फोटो गायब. डेटाबेसमध्ये फाइलचं नाव आहे, फोल्डरमध्ये फाइल नाही. एरर लॉगमध्येही काही नाही कारण एरर आलीच नव्हती, रात्री कंटेनर (ज्या डब्यात प्लॅटफॉर्म ॲप चालवतो तो) बदलला आणि नवीन कंटेनर कोऱ्या डिस्कसकट उभा राहिला एवढंच. हेरोकूवर तर डायनो (त्यांचा कंटेनर) साधारण दिवसातून एकदा रीस्टार्ट होतोच आणि त्याची लोकल डिस्क टिकत नाही, हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, आम्ही ज्या सर्व्हिसवर होतो तिथेही लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. गेलेले फोटो परत मिळाले नाहीत, लोकांना पुन्हा अपलोड करायला सांगावं लागलं. तेव्हापासून अपलोड झालेली फाइल थेट ॲमेझॉनच्या एसथ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइली ठेवायच्या वेगळ्या सर्व्हिसमध्ये), यात मी तडजोड करत नाही, अगदी मशीन स्वतःचं असलं तरी.

डेटाबेससाठी माझा सल्ला जवळजवळ नेहमी एकच असतो, मॅनेज्ड डेटाबेस घ्या, म्हणजे ज्याची देखभाल क्लाउड कंपनी करते असा. वेब सर्व्हर स्वतःच्या मशीनवर चालवायची हौस असेल तर चालवा, पण डेटाबेसचे बॅकअप, पॅच, एक मशीन पडलं तर दुसऱ्यावर जाणं हे सगळं नीट करणारा माणूस टीममध्ये नसेल तर ॲमेझॉनचं आरडीएस किंवा तत्सम काहीतरी घ्याच. फक्त एक लक्षात ठेवा, आरडीएसचे आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त 35 दिवस राहतात. त्याहून जुना डेटा लागणार असेल तर स्नॅपशॉट किंवा डम्प (डेटाची पूर्ण प्रत) वेगळा काढून ठेवायचं काम तुमचं, आणि त्याच्यापुढेही नाव पाहिजे.

पायरी 3: प्लॅटफॉर्मच्या मर्यादा आधी वाचा, मग प्रेमात पडा

प्लॅटफॉर्म सोपा असतो कारण त्याने बरेच निर्णय तुमच्यासाठी घेऊन टाकलेले असतात. ते निर्णय तुमच्या ॲपला जमतात का हे बघायला एक दुपार पुरते. हेरोकूचा राउटर 30 सेकंदांत उत्तराची सुरुवात झाली नाही तर रिक्वेस्ट तोडतो. ॲमेझॉनच्या लॅम्डावर (मशीनशिवाय नुसता कोडचा तुकडा चालवायच्या सर्व्हिसवर) एक फंक्शन जास्तीत जास्त 15 मिनिटं चालतं. तुमचा पीडीएफ रिपोर्ट बनायला दोन मिनिटं लागत असतील आणि तो वेब रिक्वेस्टमध्येच बनत असेल तर तो 30 सेकंदांच्या भिंतीवर आपटणारच, मग रिपोर्टची मागणी रांगेत टाका, वर्करला बनवू द्या, तयार झाला की लिंक पाठवा. हा बदल मशीनवरही चांगलाच आहे, पण प्लॅटफॉर्मवर तो करावाच लागतो.

अजून तपासायच्या गोष्टी: तुम्हाला वेब सोडून दुसरा कुठला प्रोटोकॉल लागतो का, कारण बरेच प्लॅटफॉर्म बाहेरून फक्त वेब ट्रॅफिकच आत घेतात. व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं टूल किंवा एखादी जुनी सिस्टीम लायब्ररी लागते का. बँक किंवा पार्टनर कंपनी ठरावीक आयपीवरूनच कनेक्शन घेते का, कारण प्लॅटफॉर्मचा बाहेर जाणारा आयपी बदलत राहू शकतो आणि कायमचा आयपी हवा तर त्याची वेगळी सोय करावी लागते. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात आणि मग पेमेंट इंटिग्रेशनच्या दिवशी धावपळ होते.

पायरी 4: मशीन घेताय तर पहिल्याच दिवशी हे करा

इथे मी जरा सविस्तर लिहितो कारण मशीन घेण्याचा निर्णय चुकीचा नसतो, मशीन घेऊन तसंच सोडून देणं चुकीचं असतं.

सगळ्यात आधी दार. पासवर्डने एसएसएच बंद, फक्त कीने. रूटचं (सगळे अधिकार असलेल्या अकाउंटचं) थेट लॉगिन बंद. एसएसएचचा पोर्ट 22 सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, ऑफिसचा किंवा व्हीपीएनचा आयपी तेवढाच चालू द्या. बाहेर उघडे पोर्ट दोनच, वेबचे 80 आणि 443. पोस्टग्रेसचा 5432 इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, "फक्त आजच्या दिवस, टेस्टिंगसाठी" असंही नाही, कारण तो आजचा दिवस कोणी बंद करायला येत नाही. नवीन पब्लिक आयपी मिळाला की थोड्याच वेळात ऑथच्या लॉगमध्ये अनोळखी आयपीवरून लॉगिनचे प्रयत्न दिसायला लागतात, एकदा तो लॉग उघडून बघा, मग कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग अपडेट. उबुंटू असेल तर सिक्युरिटी अपडेट आपोआप व्हायची सोय चालू आहे का बघा, आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) अपडेट झाल्यावर रीबूट लागतो तो कधी करायचा ते ठरवा. पॅच इन्स्टॉल झालाय पण मशीन 200 दिवस रीबूटच नाही म्हणजे नवीन कर्नल नुसता डिस्कवर पडून आहे. सर्टिफिकेटसाठी लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं बघितलं तर ते 90 दिवसांचं किंवा त्याहून कमीचं मिळतं, त्यामुळे रिन्यूअल ऑटोमॅटिकच पाहिजे, आणि रिन्यू झाल्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) रीलोड होतंय का हेही तपासा, नाहीतर डिस्कवर नवीन सर्टिफिकेट आणि ब्राउझरला जुनंच असा प्रकार होतो.

आता लॉग आणि डिस्क. एका रात्री दोनच्या सुमाराला साइट सगळ्यांना 500 (सर्व्हर बिघडल्याची एरर) द्यायला लागली. आत गेलो, डिस्क किती भरलीये ते सांगणारी डीएफ कमांड मारली, डिस्क 100 टक्के. एका डीबग सेटिंगमुळे ॲपचा लॉग फुगत फुगत गेला होता आणि जुने लॉग उडवणारं लॉगरोटेट त्या फाइलला लावलेलंच नव्हतं. मी घाईघाईत ती फाइल आरएमने उडवली, परत डीएफ मारली, तरी 100 टक्केच. पाच मिनिटं काही सुचेना. मग लक्षात आलं, फाइलचं नाव गेलं तरी ज्या प्रोसेसने ती उघडी धरलीये ती प्रोसेस जोपर्यंत सोडत नाही तोपर्यंत जागा मोकळी होतच नाही. कुठली फाइल कोणी उघडी धरलीये ते दाखवणाऱ्या एलएसओएफने बघितलं तर ती फाइल डिलीटेड असा शिक्का घेऊन तिथेच बसलेली. ॲप रीस्टार्ट केलं आणि जागा मोकळी झाली, पण तोपर्यंत त्याच डिस्कवर असलेल्या पोस्टग्रेसला लिहायला जागा न मिळाल्याने तोही बंद पडला होता, त्याला वेगळा उठवावा लागला. त्या एका रात्रीत तीन धडे होते: लॉगला रोटेशन, डिस्क 80 टक्क्यांवर गेली की मेसेज, आणि डेटाबेस आणि ॲप एका डिस्कवर ठेवायचे नाहीत. तुम्ही हे तिन्ही पहिल्या दिवशीच करून टाका. (फाइल उघडी असताना जागा मोकळी करायची वेळ आलीच तर आरएमऐवजी ट्रंकेट वापरा, ती फाइल न उडवता रिकामी करते.)

आणि शेवटचं, मशीन हाताने सजवू नका. जे जे इन्स्टॉल केलं ते टेराफॉर्म, अँसिबल (सेटअप कोडसारखं लिहून ठेवायची टूल्स) किंवा निदान एका शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा आणि महिन्याभरात एकदा त्या स्क्रिप्टवरून दुसरं मशीन उभं करून बघा. उभं राहिलं नाही तर तुमचं सेटअप स्क्रिप्टमध्ये नसून कोणाच्या तरी डोक्यात आहे.

पायरी 5: प्लॅटफॉर्म घेताय तर कोड असा ठेवा

पासवर्ड आणि कीज कोडमध्ये नाहीत, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये. पोर्ट प्लॅटफॉर्म सांगेल तो घ्यायचा, स्वतः 3000 लिहून ठेवायचा नाही. लॉग फाइलमध्ये नाही तर स्टँडर्ड आउटपुटवर, आणि तिथून एखाद्या लॉग सर्व्हिसला पाठवा कारण प्लॅटफॉर्म स्वतःकडे ते फार दिवस ठेवतोच असं नाही. बंद व्हायचा सिग्नल आला की हातातलं काम संपवून शांतपणे बंद व्हायला ॲपला शिकवा, हेरोकू त्यासाठी 30 सेकंद देतो आणि मग सरळ मारून टाकतो.

डेटाबेस कनेक्शनचं गणित मात्र इथे बसून करा. प्लॅटफॉर्मवर इन्स्टन्स (ॲपच्या चालू प्रती) वाढवणं म्हणजे एक स्लायडर सरकवणं, त्यामुळे लोड आला की माणूस पटकन 2 चे 10 करतो. प्रत्येक इन्स्टन्सचा कनेक्शन पूल (डेटाबेसकडे उघडी ठेवलेली कनेक्शन) 20 चा असेल तर 10 गुणिले 20 म्हणजे 200 कनेक्शन, आणि पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा आहे 100. म्हणजे लोड झेपावा म्हणून वाढवलं आणि त्यानेच साइट पडली. पूल लहान ठेवा किंवा मध्ये पीजीबाउन्सर बसवा, ते थोडी कनेक्शन सगळ्यांना वाटून देतं.

व्हर्जनचंही एक आहे. मशीनवर तुम्ही जुनं व्हर्जन वर्षानुवर्षं ओढू शकता (ओढू नये, पण ओढता येतं), प्लॅटफॉर्म मात्र त्याच्या वेळापत्रकाने जुनं काढून टाकतो. पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला, पायथनच्या हल्लीच्या प्रत्येक व्हर्जनला साधारण पाच वर्षं मिळतात. प्लॅटफॉर्मवर राहायचं तर दर वर्षी अपग्रेडसाठी काही दिवस बाजूला काढावेच लागतील, ते आत्ताच प्लॅनमध्ये टाका.

पायरी 6: आता पैसे

आता भाडं बघायला हरकत नाही. मशीनच्या हिशोबात लोक फक्त मशीनचा तासाचा दर गुणिले महिन्याचे 730 तास करतात. बिल तेवढ्यावर थांबत नाही. डिस्कचे वेगळे, स्नॅपशॉटचे वेगळे, लोड बॅलन्सरचे वेगळे, बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे, नॅट गेटवे (आतल्या मशीन्सना बाहेर इंटरनेटवर जाऊ देणारी सोय) लावला तर त्याचे तासाचे आणि डेटाचे असे दोन्ही. ॲमेझॉनने 1 फेब्रुवारी 2024 पासून पब्लिक आयपीव्ही4 पत्त्यालाही तासाला 0.005 डॉलर लावलेत, म्हणजे एका पत्त्याचे महिन्याला साडेतीन डॉलरच्या थोडे वर, दहा मशीन्सना उगाच पब्लिक आयपी दिलेले असतील तर करा हिशोब. आणि मशीन बंद करून ठेवलं तरी त्याच्या डिस्कचं मीटर चालूच असतं.

प्लॅटफॉर्मचं बिल वाचायला सोपं असतं पण युनिट महाग पडतं, कारण त्यात दुसऱ्याने केलेल्या कामाचे पैसे आहेत. म्हणून तुलना अशी करा: मशीनकडच्या बिलात यादीतल्या कामांचे तास मिळवा. समजा पॅच, बॅकअप तपासणी, सर्टिफिकेट, अलर्ट यात महिन्याला 10 तास जातायत, तर त्या माणसाचा तासाचा खर्च गुणिले 10 मशीनच्या बाजूला लिहा. छोट्या ॲपला इथेच प्लॅटफॉर्म स्वस्त ठरतो. मोठ्या, दिवसरात्र सारख्याच लोडवर चालणाऱ्या सिस्टीमला उलटं होतं, 10 चे 15 तास होतात पण मशीन्स 3 च्या 60 होतात, त्यात 1 किंवा 3 वर्षांचा करार केला तर दर बराच उतरतो, आणि मग प्लॅटफॉर्मचा जास्तीचा दर टोचायला लागतो.

दोन्हीकडे बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. अलर्ट आला म्हणजे खर्च थांबला असं नाही, तो फक्त सांगतो, थांबवायचं तुम्हालाच.

एसएलएचे (सर्व्हिस किती टक्के वेळ चालू राहील या हमीचे) आकडे बघून भुलू नका. 99.9 टक्के म्हणजे 30 दिवसांत सुमारे 43 मिनिटं बंद राहायची मुभा, 99.99 म्हणजे सव्वाचार मिनिटं. त्यापेक्षा जास्त बंद राहिलं तर सहसा बिलात थोडं क्रेडिट मिळतं, बस्स. आणि तो आकडा त्यांच्या सर्व्हिसचा आहे, तुमच्या ॲपचा नाही.

पायरी 7: बाहेर पडायचा रस्ता आजच चालून बघा

फेसबुकने 2013 मध्ये पार्स नावाची मोबाइल ॲपसाठीची सर्व्हिस विकत घेतली, जानेवारी 2016 मध्ये जाहीर केलं की बंद करतोय, आणि जानेवारी 2017 मध्ये बंद केली. वर्षभराची मुदत दिली, सर्व्हरचा कोडही ओपन सोर्स केला, तरी ज्यांचं सगळं तिथे होतं त्यांना ते वर्ष स्थलांतरातच घालवावं लागलं. हेरोकूने नोव्हेंबर 2022 मध्ये फ्री प्लॅन बंद केला तेव्हा अनेकांची छोटी ॲप्स एकदम हलवावी लागली. या कंपन्या वाईट म्हणून हे सांगत नाहीये, दुसऱ्याच्या जागेत राहतो तेव्हा जागा सोडायची वेळ येऊ शकते म्हणून सांगतोय.

उपाय साधा आहे. कोड डॉकर कंटेनरमध्ये चालतो का बघा. डेटाबेस स्टँडर्ड पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असू द्या. आणि एकदा खरंच डम्प काढून दुसऱ्या कंपनीच्या साध्या मशीनवर ॲप उभं करून दाखवा, किती तास लागले ते कागदावर लिहा. दोन दिवसांत झालं तर अडकण्याची भीती सोडून द्या. दोन महिने लागतील असं दिसलं तर कुठला भाग अडवतोय ते शोधा, बहुतेक वेळा तो एखादी खास रांग, खास लॉगिन सर्व्हिस किंवा खास डेटाबेस असतो. मशीनवर असलात म्हणून यातून सुटका नाही हं, परमिशनच्या पॉलिसी आणि नेटवर्कची मांडणी प्रत्येक क्लाउडची वेगळीच असते.

पायरी 8: ठरवा आणि दोन आठवडे चालवून बघा

आपल्या अपॉइंटमेंट ॲपसाठी, टीम तीन-चार जणांची असेल तर मी डोळे मिटून असं करीन: वेब आणि वर्कर प्लॅटफॉर्मवर, पोस्टग्रेस मॅनेज्ड, फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, रात्रीचा रिपोर्ट प्लॅटफॉर्मच्या शेड्युलरवर. मशीन एकही नाही. उद्या व्हिडिओ प्रोसेसिंग आलं, जीपीयू लागलं, किंवा एखादं जुनं लायसन्सवालं सॉफ्टवेअर चालवायचं झालं तर तेवढ्यापुरतं एक मशीन घ्यायचं आणि पायरी 4 पूर्ण करायची, बाकीचं हलवायचं नाही. उलट तुमच्याकडे मशीन सांभाळणारी माणसं आधीपासून आहेत, लोड मोठा आणि सारखा आहे, नेटवर्कवर बारीक कंट्रोल लागतो, तर मशीन घ्या आणि अभिमानाने सांभाळा. कुबरनेटीसबद्दल (बरेच कंटेनर सांभाळणाऱ्या सिस्टीमबद्दल) हमखास विचारलं जातं म्हणून सांगतो, तो स्वतःचा प्लॅटफॉर्म बांधायचा कच्चा माल आहे, तो घेतला की यादी लहान होत नाही, लांब होते.

दोन आठवड्यांच्या ट्रायलमध्ये नुसतं ॲप चालवू नका. मुद्दाम एक इन्स्टन्स मारा आणि काय होतं बघा. कालचा बॅकअप दुसऱ्या डेटाबेसमध्ये चढवा. बिघडलेलं व्हर्जन डिप्लॉय करून मागे फिरा आणि घड्याळ लावा. टीममधला सगळ्यात नवीन माणूस बसवा आणि त्याला फक्त लिहिलेल्या नोट्स वाचून डिप्लॉय करायला सांगा, तुम्ही शेजारी बसून तोंड बंद ठेवा.

ट्रायल संपली की जे निवडलं नाही ते त्याच दिवशी काढून टाका. मशीन डिलीट केलं तरी सुटी डिस्क, स्नॅपशॉट, राखून ठेवलेला आयपी आणि लोड बॅलन्सर मागे राहू शकतात, त्यामुळे प्रत्येक रीजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या प्रत्येक भौगोलिक विभागात) जाऊन यादी बघा, कारण कन्सोलवर बऱ्याच गोष्टी एका वेळी एकाच रीजनच्या दिसतात. मग पुढच्या महिन्याचं बिल उघडून त्या अकाउंटपुढे शून्य आलंय का ते बघा, नसेल तर ओळ शोधून काढा आणि तीही बंद करा.